दाढ आणि डावा पाय

खुर्ची मागं झुकवली आणि ते गृहस्थ किंचाळले. मी अजून त्यांच्या तोंडात आरसासुद्धा घातला नव्हता.

"देशपांडेसाहेब, मी हात तरी कुठं लावलाय?"

"खुर्ची... खुर्ची सरळ करा आधी." त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मी पायानं बटण दाबलं. खुर्ची घुर्र करत वर आली, त्यांचे पाय खाली गेले आणि त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. मला वाटलं, घाबरलेत. दाताच्या खुर्चीत भलीभली माणसं घाबरतात. थोडं थांबून मी खुर्ची पुन्हा मागं घेतली. पुन्हा किंकाळी.

"शलाका, हळू गं!" पडद्यापलीकडून गौराक्का ओरडली. "पहिलाच पेशंट आहे!"

तशी ती खोटं बोलत नव्हती. दवाखाना उघडून महिना होत आला होता, पण तोवर आलेले सगळे एक तर आमचे नातेवाईक होते, नाहीतर समोरच्या हॉस्पिटलचा पत्ता विचारायला आलेले. मिरजेत हॉस्पिटलांना तोटा नाही. त्या गर्दीत मी आत्याच्या घराच्या पुढच्या खोलीत 'डॉ. शलाका हिरेमठ, दंतवैद्य' अशी पाटी लावली होती. आत्या म्हणजे हीच गौराक्का. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आणि हौसेनं माझी रिसेप्शनिस्ट झालेली.

त्या दिवसांत माझे पाय जमिनीवर नव्हतेच. नवी पाटी, नवी खुर्ची, आणि रोज दुपारी बेदाण्याचा टेम्पो घेऊन बेडगहून मिरजेला येणारा सन्मती मगदूम. बेदाणे मार्केटला उतरायचे आणि सन्मती आमच्या दारात. त्याचे दात तपासायचे आहेत असं मी गौराक्काला सांगितलं होतं. पंधरा दिवस ती काही बोलली नाही. मग एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, "एवढे दात एका माणसाला असतात होय?"

तर त्या सकाळी हे गृहस्थ आले. उजवा गाल टम्म सुजलेला. शर्ट नवाकोरा, घडीच्या रेघा तशाच. दाराशी चपला काढताना भिंतीला धरून बराच वेळ उभे राहिले. गौराक्कानं वही उघडली.

"नाव?"

"दे... देशपांडे."

"कुठले देशपांडे?"

"पुण्याचे."

"पुण्यात कुठं?"

"मधोमध."

"काय करता?"

"बँकेत होतो."

"कुठल्या?"

"मोठ्या."

गौराक्कानं चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेली बाई ती. पण गाल तर खराच सुजला होता, म्हणून तिनं त्यांना आत सोडलं.

आत आल्यावर ते खोलीभर बघत राहिले. भिंतीवरचं माझं सर्टिफिकेट वाचलं. बेसिन बघितलं. मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही एकट्याच बघता सगळं?"

"हो."

"हात हलका आहे का?"

"बसा, कळेलच," मी म्हणाले. मी तेव्हा अशी उत्तरं द्यायची. "बीपी, शुगर? कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"सध्या काही नाही."

ते 'सध्या' माझ्या कानाला जरा खटकलं होतं, पण मी पुढं गेले. दाढ बघायची घाई झाली होती मला. खरी, किडलेली, अनोळखी दाढ! आणि मग खुर्ची मागं झुकवली आणि हा सगळा प्रकार सुरू झाला.

दुसऱ्या किंकाळीनंतर ते स्वतःच म्हणाले, "दाढ नव्हे हो. पाय."

मी त्यांच्या पायांकडं बघितलं. उजवा पाय रापलेला, उन्हातान्हात वावरलेल्या माणसाचा. डावा मात्र पांढराफटक, जणू दुसऱ्याच कुणाचा आणून लावलाय. मी खाली बसले आणि हात लावला. एक पाय उबदार होता. दुसरा फरशीइतका गार.

दाताच्या कॉलेजातसुद्धा आम्हाला सगळ्या शरीराचं थोडंथोडं शिकवतात. ते तास आमच्या वर्गातली मुलं झोपून काढायची. दातवाल्यांना पायाशी काय करायचंय? पण आमच्या मेडिसिनच्या मॅडम झोपलेल्याला उभं करून प्रश्न विचारायच्या, म्हणून मी जागी राहायची. पाय वर केला की कळ येते, खाली सोडला की बरं वाटतं. मग पायावरची नाडी बघा, मॅडम म्हणायच्या. मी उजव्या पावलावर बोटं ठेवली. टुक टुक लागली. डाव्यावर ठेवली. काहीच नाही. बोटं सरकवली, घोट्यामागं बघितलं. काहीच नाही. क्षणभर वाटलं, माझंच चुकतंय. दाताची डॉक्टर पेशंटचा पाय धरून बसलीय, कुणी बघितलं तर काय म्हणेल!

"बोटं हलवा बरं डाव्या पायाची."

हलली, पण नाखुशीनं.

"हे कधीपासून?"

"सकाळपासनं जरा कळ हाय. रातीपासनं मुंग्या." पुण्याचे मधोमध देशपांडे हे काही पुण्यातलं बोलत नव्हते, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं.

"पायाचं यापूर्वी काही झालं होतं?"

त्यांनी पडद्याकडं बघितलं, छताकडं बघितलं. "तुम्ही दाढ काढा की. पायाचं काय मनावर घेता?"

"मी दाढ काढणार नाही."

"का?"

"तुम्ही खरं सांगेपर्यंत नाही."

 ते सुजलेला गाल धरून बसले. मग हळूच म्हणाले, "दिवाळीच्या आधी मांडीच्या शिरेत स्प्रिंग घातलीय. तांबोळी डॉक्टरांनी. चालताना पिंढरी भरून यायची, थांबावं लागायचं. स्प्रिंग घातल्यावर झकास चालत होतो."

"आणि गोळ्या? रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या दिल्या असतील."

"दिल्या होत्या की."

"मग 'सध्या काही नाही' का म्हणालात?"

"सध्या न्हाईतच! बंद केल्या." ते एकदम उत्साहानं सांगू लागले. "शेजारी म्हणाला, त्या गोळ्या घेऊन दाढ काढली की रक्त थांबत न्हाई. त्याच्या मेव्हण्याचा टॉवेल भिजला होता. म्हटलं, डॉक्टरीणबाईला त्रास नको. गेल्या आठवड्यातच दोन्ही बंद करून टाकल्या."

आता काय झालं असणार ते माझ्या डोळ्यांसमोर लख्ख दिसलं. स्प्रिंगमध्ये रक्ताची गुठळी धरली होती आणि खालचा पाय उपाशी पडला होता.

गौराक्का एव्हाना पडद्याच्या आत आली होती. तिनं पाय बघितला आणि लगेच म्हणाली, "गार पडलाय, गरम पाण्याची पिशवी आणते. तेल लावून चोळू या जरा."

"थांब. आधी फोन."

मी तांबोळी डॉक्टरांच्या हॉस्पिटलला फोन लावला. ते स्वतःच फोनवर आले. मी एका दमात सगळं सांगितलं. 

"तुम्ही दाताच्या ना?"

"हो."

"शाब्बास. शेकायचं नाही, चोळायचं नाही. त्या पायाला चटका बसला तरी त्यांना कळायचं नाही. पाय खालीच राहू दे. तोंडानं काही देऊ नका, पाणीसुद्धा नको. आणि लगेच आणा. थोड्या वेळानं नाही, लगेच."

गौराक्कानं त्यांच्यापुढं धरलेला कॉफीचा कप मी तसाच परत घेतला.

लगेच आणा म्हणणं सोपं होतं. त्या दिवशी रिक्षावाल्यांचा संप होता. हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स सांगलीला गेली होती. गौराक्का कोपऱ्यापर्यंत जाऊन हात हलवत परत आली. मग मला सुचलं आणि मी मोबाइल उचलला.

"सन्मती? टेम्पो घेऊन आत्ताच्या आत्ता ये. पेशंटला न्यायचंय."

खुर्चीतले गृहस्थ ताडकन सरळ झाले. "कोण सन्मती?"

"माझा मित्र आहे. बेदाण्याचा टेम्पो आहे त्यांचा."

"टेम्पो नको!"

"अहो, पाच मिनिटांचा तर रस्ता आहे."

"टेम्पोत मला मळमळतं. मी चालत जातो."

"तुम्हाला उभं तरी राहता येतंय का?"

ते उभे राहिले. डावा पाय टेकला, ओय म्हणाले आणि परत बसले. "मग उद्या जातो," ते म्हणाले.

"उद्यापर्यंत पाय राहणार नाही, देशपांडेसाहेब."

हे मी फार जोरात म्हणाले. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "हे बघा, दाढेतनं रक्त आलं तर मी बोटानं दाबीन, टाका घालीन. ते मला दिसतं. पायात आतल्या आत रक्त गोठलं तर मी कुठं दाबू? टॉवेल भिजला असता तर आपण दुसरा घेतला असता. पाय दुसरा कुठनं आणायचा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट, टकमक न करता. "तुम्हाला भ्या वाटतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"मग बोलवा टेम्पो," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "काय व्हायचं ते होऊ दे."

मला वाटलं, ते पायाबद्दल बोलताहेत.

टेम्पो दाराशी थांबला. सन्मतीच्या पायांचा आवाज आला आणि दारातच बंद पडला.

"अण्णांच्या चपला इथं कशा?"

 खुर्चीतल्या गृहस्थांनी गळ्यात अडकवलेला कागदी रुमाल दोन्ही हातांनी उचलून तोंडावर धरला. सन्मती पडदा सारून आत आला. त्यानं कागदाकडं बघितलं. मग पायांकडं.

"अण्णा?"

"मी देशपांडे," कागदामागून आवाज आला.

"अण्णा!"

कागद हळूहळू खाली आला. मी सन्मतीकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं, आणि आम्ही दोघांनी अण्णांकडं. गौराक्कानं कपाळावर हात मारला. "अगंबाई, हे ते रोजच्या दातांचे वडील!"

एरवी त्यावर तासभर बोलणं झालं असतं. पण मी म्हणाले, "नंतर. आधी उचला यांना." आणि सन्मतीनं वडिलांना कडेवर घ्यावं तसं उचललं.

पुढच्या सीटवर अण्णा मध्ये, मी एका बाजूला पांढऱ्या कोटात, त्यांचा पाय खाली सोडलेला राहील असा धरून. मागं बेदाण्याच्या खोक्यांवर गौराक्का, पदर खोचून. मार्केटजवळ तिनं लोकांना ओरडून बाजूला व्हायला लावलं. शाळेच्या मैदानावर चालवलेला आवाज होता तो. बैलसुद्धा बाजूला झाले.

रस्ता जरा मोकळा झाला. मग अण्णांनी सुजलेल्या तोंडानं विचारलं, "सन्मती, तू रोज दुपारी मार्केटला जातो म्हणतोस, ते मार्केट हेच काय?"

टेम्पोला उगाचच एक हिसका बसला.

"पुढं बघून चालव," मागच्या गौराक्कासकट आम्ही तिघांनीही एकदमच म्हटलं.

तांबोळी डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी पाय बघितला, छोट्या यंत्रानं नाडी ऐकली आणि अण्णांवर डोळे वटारले. "गोळ्या कुणाला विचारून बंद केल्या?"

"शेजाऱ्याला."

"त्याला स्प्रिंग कुठं बसवलीय ते माहीत आहे का?"

"न्हाई."

"मला माहीत आहे. मला का नाही विचारलं?"

 अण्णांना आत नेलं. शिरेत बारीक नळी घालून गुठळी विरघळवायचं औषध सोडायचं ठरलं. डॉक्टरांनी सन्मतीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, पाय वाचेलच असं म्हणत नाही, पण वेळेत आलात.

मी आणि सन्मती बाकावर बसलो.  मी माझ्या कोटाच्या खिशात हात घातला तर मूठभर बेदाणे निघाले. कधी घातले कोण जाणे. आम्ही ते एकेक करून खाल्ले. तेव्हा तो म्हणाला, "मी घरी सांगितलं होतं, एक मुलगी आहे, दाताची डॉक्टर आहे, आपल्यातली नाही. अण्णा नुसते उठून गेले होते. मला वाटलं, विषय संपला."

"आणि ते आले मला बघायला."

"दाढ मात्र खरंच दुखतीय त्यांची. आठवडाभर जेवले नाहीत नीट."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. अण्णा आडवे होते, पायाशी पांढरी चादर. मी विचारायच्या आधीच त्यांनी चादर बाजूला केली. बोटं गुलाबी होती. मी नाडीवर बोटं ठेवली. टुक टुक. इतकी छान टुक टुक मी त्यानंतर कधी ऐकली नाही. मला हसू आलं, रडूही आलं. नर्सनं मला पेशंटची मुलगी समजून पाणी दिलं.

"दाढ?" अण्णांनी आशेनं विचारलं.

"आत्ता नाही. तुमच्या अंगात आत्ता रक्त पातळ करणारं जोरदार औषध आहे. दाढेला अँटिबायोटिक गोळी, आणि दुखलं तर साधी पॅरासिटामॉल. तुमच्या शेजाऱ्याकडची दुखण्याची गोळी घेऊ नका. या गोळ्यांबरोबर तसली घेतली तर पोटात रक्तस्राव होतो."

"शेजाऱ्याकडनं आता साखरसुद्धा घेणार न्हाई," अण्णा म्हणाले. मग जरा लाजून, "मला वाटलं होतं, एका खेपेत दोन कामं होतील. दाढ पण निघंल, पोरगी पण बघून होईल."

"मग बघून झाली?"

"दाढ निघाल्याबिगर काय सांगत न्हाई," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

काही आठवड्यांनी तांबोळी डॉक्टरांनी परवानगी दिली. मी त्यांना तीनदा फोन केला असेन. "गोळी एकही बंद करायची नाही," ते प्रत्येक वेळी म्हणाले. "एकच दाढ काढा, सकाळची वेळ घ्या, टाका घाला. थोडं जास्त झिरपेल. घाबरू नका."

अण्णा आले ते या वेळी आपल्या नेहमीच्या वेशात, धोतर-टोपीत. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी गोळ्यांची दोन्ही पाकिटं गौराक्काच्या टेबलावर ठेवली. "आज सकाळी घेतल्यात. लिहून घ्या. नाव पारिसा मगदूम, मुक्काम बेडग."

"मधोमध?" गौराक्कानं विचारलं.

खुर्ची मागं झुकवली. ते ओरडले नाहीत. मी भूल दिली, दाढ हळूहळू सैल केली, काढली. झिरपलं थोडं जास्त, खरंच. मी विरघळणारा स्पंज भरला, दोन टाके घातले, वर कापसाचा घट्ट बोळा ठेवला.

"अण्णा, हा चावून धरायचा. अर्धा तास. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, तोंड उघडायचं नाही."

सन्मती भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "अर्धा तास?"

"अर्धा तास."

"अजिबात बोलायचं नाही?"

"अजिबात."

त्यानं शर्टाची कॉलर नीट केली आणि खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. "अण्णा, मला शलाकाशी लग्न करायचंय. तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा."

अण्णांचे डोळे गरगरीत झाले. "म्म्म!"

"बोलू नका, अण्णा! टाका सुटेल!" मी ओरडले. मी अगदी डॉक्टर म्हणूनच ओरडले होते. आमच्या घरात आजही कुणाला ते पटत नाही.

"समाजात लोक बोलतील," सन्मती पुढं म्हणाला. "काकांचा विरोध असेल. तो मी बघून घेईन."

"म्म्म! म्म्म!"

"आई तयार आहे. मी कालच विचारलं."

अण्णांनी खुर्चीच्या हातावर बुक्की मारली. गौराक्का घड्याळाकडं बघत म्हणाली, "अजून वीस मिनिटं आहेत. आणखी काय सांगायचं असेल तर सांगून घे बाळा."

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. तोवर मी अवजारं धुवायच्या निमित्तानं पाठ फिरवून उभी होते, कारण मला चेहरा सरळ ठेवता येत नव्हता.

अर्धा तास झाला. मी बोळा काढला. टाक्याजवळ सगळं कोरडं होतं, रक्त थांबलं होतं. मी पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "आता बोला, अण्णा."

 सन्मती भिंतीकडं सरकला. अण्णांनी बधिर ओठ पुसले, जबडा हलवून बघितला आणि मुलाकडं रोखून बघत म्हणाले, "तिला विशारलंयश का?"

सन्मतीचा चेहरा एकदम उतरला. रोज दुपारी तो येत होता, रोज बेदाणे आणत होता, जगातल्या सगळ्या गोष्टी आम्ही बोललो होतो. ते एक तेवढं त्यानं विचारलं नव्हतं.

"घरादाराला शांगत शुटलाश," अण्णा म्हणाले. "आधी तिला विशार की, गाढवा."

तो माझ्याकडं वळला. कान लालबुंद. माझ्या हातांत रक्ताळलेले हातमोजे, एका हातात चिमटा. "शलाका," तो म्हणाला आणि पुढं त्याला शब्दच सुचेना.

"हो," मी म्हणाले.

अण्णांनी मान मागं टाकून खदखदा हसायला तोंड उघडलं.

"हसू नका! टाके!" मी झेप घेऊन त्यांचा जबडा दोन्ही हातांनी धरला. त्यांचे खांदे गदगद हलायला लागले, डोळ्यांतनं पाणी आलं, पण ओठ त्यांनी घट्ट मिटले. ते बघून गौराक्कानं पदर तोंडात कोंबला, सन्मतीनं भिंतीला कपाळ लावलं, आणि त्या छोट्याशा खोलीत आम्ही चौघं किती तरी वेळ आवाज न करता हसत राहिलो.